वस्त्राचे अंतरंग आणि प्रतिरूपाचे सत्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त योजलेल्या या ज्ञानयज्ञात आजचा विषय काहीसा वेगळा आहे. विणलेल्या कापडापासून तयार होणाऱ्या नव्या पदार्थांचे अंतरंग क्ष-किरणांच्या साहाय्याने कसे पाहतात आणि त्या दर्शनावरून त्याचे गणिती प्रतिरूप कसे उभे करतात, हा तो विषय होय. धर्मसंस्थेच्या मंचावर हे कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्याचे उत्तर विषयाच्या ओघात मिळेल.

प्रारंभ नळदुर्गापासूनच करणे उचित ठरेल. बोरी नदीवर इ. स. १६१३ मध्ये इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत बांध घालण्यात आला. पावसाळ्यात त्या बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु त्या बांधाची खरी नवलाई दर्शनी भागात नाही. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर पाण्याचा प्रचंड लोट कोसळत असताना आत बसलेल्या माणसाचे अंग भिजत नाही, अशी त्या वास्तूची ख्याती आहे. आता कल्पना करावी, की एखाद्या परगावच्या स्थापत्यविशारदाने केवळ बाहेरून लांबी, रुंदी आणि उंची मोजली आणि ती भिंत संपूर्ण भरीव आहे असे गृहीत धरून तिच्या सामर्थ्याचा हिशेब मांडला. त्याची आकडेमोड निर्दोष असेल. परंतु ती ज्या भिंतीची असेल, ती भिंत नळदुर्गात नसेल!

वस्तूचे बळ तिच्या अंतरंगात असते, बाह्यांगावरून त्याचा केवळ तर्क करता येतो. आजच्या विषयाचे सार एवढेच आहे.

धाराशिव जिल्ह्याला कापडाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून साधे कापड आणि मलमल मोठ्या प्रमाणावर भडोच बंदराकडे जात असे, याची नोंद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. शेजारच्या सोलापुरात जॅकार्ड मागावर निघालेली चादर तर घरोघरी आहे. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. ताका उलगडला की डोळ्यांना दिसतो तो रंग आणि हाताला लागतो तो पोत. परंतु कापड किती टिकेल हे ठरते ते ताणा आणि बाणा एकमेकांवरून कसे गेले आहेत यावर. म्हणून जाणता व्यापारी भिंग लावून एका इंचातील उभे आणि आडवे धागे मोजतो. कापडाला खळ भरपूर असेल तर विरळ वीणही घट्ट भासते. अशा वेळी तो कापडाचा कोपरा ओला करून चोळतो. खळ निघून गेली की विणीचे खरे रूप उघडे पडते.

कॉम्पोझिट, अर्थात संमिश्र पदार्थ, ही याच कुळातील वस्तू आहे. काच किंवा कार्बन यांच्या अतिसूक्ष्म तंतूंचे कापड विणावे, त्याचे थर एकावर एक रचावे आणि त्यात इपॉक्सीसारखी द्रवरूप राळ मुरवून ती उष्णतेने कठीण करावी. तयार होणारी वस्तू वजनाने हलकी आणि बळाने पोलादाशी स्पर्धा करणारी असते. कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा असतो. असे तीन हजार, सहा हजार किंवा बारा हजार तंतू मिळून एक पेड होतो आणि अशा पेडांचे ताणे-बाणे घालून कापड विणले जाते. येथे ताण सोसतो तो तंतू; राळ त्याला जागेवर धरून ठेवते आणि एका तंतूवरील भार दुसऱ्याकडे पोहोचवते.

हे कापड आज कोठवर पोहोचले आहे? ‘लीप’ नावाचे विमानाचे इंजिन २०१६ पासून प्रवासी सेवेत आहे. भारतातील अनेक एअरबस ए-३२० निओ आणि बोइंग ७३७ मॅक्स विमानांना हेच इंजिन बसवलेले आहे. त्याच्या दर्शनी पंख्याला अठरा पाती असतात आणि ती विणलेल्या कार्बनची असतात. हे विणकाम सपाट नसून जाडीच्या दिशेनेही धागे गुंफणारे, म्हणजे त्रिमितीय असते. माग कोणता, तर जॅकार्ड! ज्या तत्त्वावर सोलापुरी चादरीत मोर आणि फुले उमटतात, त्याच तत्त्वावर विमानाचे पाते विणले जाते. विणून झालेला आकार साच्यात ठेवून त्यात दाबाने राळ भरतात. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्या यंत्रावर अवलंबून, त्याचे मर्म असे एका वस्त्रात आहे.

मात्र एकदा राळ भरली की विणीवर कायमचा पडदा पडतो. येथे कोपरा ओला करून चोळण्याची सोय नाही. आणि या पडद्याआड दडण्यासारखे बरेच काही असते.

पहिली गोष्ट धाग्याची वळणे. विणीतील प्रत्येक धागा दुसऱ्यावरून वर-खाली नागमोडी जातो. तंतूचे बळ त्याच्या लांबीच्या दिशेने असते. धागा वाकला की त्या बळाचा काही अंश वाया जातो. दाब पडल्यास तर असा वाकलेला तंतू आधी दुमडतो. म्हणून साध्या विणीपेक्षा लांब तरंगणाऱ्या धाग्यांची सॅटिन वीण येथे पुष्कळदा अधिक ताठ ठरते. दुसरी गोष्ट थरांच्या परस्पर बसणीची. कापडाच्या घड्या एकावर एक ठेवल्या की एका थराचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो, किंवा उंचवट्यावर उंचवटा येतो. दोन्ही वेळी कापड तेच, थर तितकेच; परंतु जाडी निराळी आणि बळही निराळे. तिसरी गोष्ट पोकळ्यांची. राळ मुरताना हवेचे बुडबुडे आत अडकतात. विमानाच्या महत्त्वाच्या भागांत त्यांचे प्रमाण साधारणतः एक-दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. परंतु टक्का एकच असला तरी त्या पोकळ्या सर्वत्र विखुरल्या आहेत की एकाच धाग्याच्या कडेला रांगेने उभ्या आहेत, यावर वस्तूचे भवितव्य ठरते.

या अंतरंगाचे गणित मांडण्याचे प्रयत्न जुने आहेत. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील एफ. टी. पिअर्स यांनी १९३७ मध्ये कापडाच्या भूमितीवर प्रसिद्ध केलेला निबंध हा या शास्त्राचा पाया मानला जातो. त्यांनी धाग्याचा छेद मूलतः वर्तुळाकार कल्पिला. प्रत्यक्षात विणीत दाबला गेलेला धागा चपटा होतो, म्हणून १९५८ मध्ये केम्प यांनी दोन्ही टोकांना गोल आणि मध्ये सपाट असा, धावपट्टीसारखा छेद सुचविला. १९८२ च्या सुमारास इशिकावा आणि चौ या शास्त्रज्ञांनी विणलेल्या संमिश्रांचा ताठपणा काढण्याच्या रीती दिल्या. त्यांपैकी आरंभीच्या रीतीत धाग्याची वळणे सोडूनच दिली होती. संपूर्ण कापड जणू फरशीचे चौकोनी तुकडे जोडून झाले आहे, अशी ती कल्पना होती.

महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे कार्य यापुढचे आहे. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विमानविद्या विभागातील प्रा. एन. के. नाईक यांनी पी. एस. शेंबेकर यांच्यासमवेत १९९२ मध्ये विणलेल्या संमिश्रांच्या स्थितिस्थापकत्वावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. ताणा आणि बाणा अशा दोन्ही दिशांची वळणे, पेडाच्या छेदाचा खरा आकार आणि दोन शेजारच्या पेडांमधील मोकळी जागा या बाबी त्यांनी गणितात आणल्या. पुढे १९९४ मध्ये प्रा. नाईक यांचा ‘वोव्हन फॅब्रिक कॉम्पोझिट्स’ हा ग्रंथ अमेरिकेत प्रकाशित झाला. दोन धाग्यांमधील फट हीदेखील कापडाचा भाग आहे आणि हिशेबात तिला स्थान दिले पाहिजे, ही दृष्टी पेढीवरच्या अनुभवी माणसाला सहज पटावी अशीच आहे.

तथापि अशा सर्व गणितांना एक मर्यादा होती. त्यांतील कापड हे आदर्श कापड होते. एक चौकडी आखावी आणि तीच हजार वेळा जशीच्या तशी ठेवावी, तसे ते होते. प्रत्यक्षात कोणत्याही ताक्यातील दोन चौकड्या सारख्या नसतात. धागा सरकतो, दबतो, पिळतो. खरे रूप पाहण्यासाठी वस्तू कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागे. त्यातून दिसे तो एकच छेद. शिवाय जी वस्तू तपासली, ती कापल्यामुळे निकामी होई. आणि जी वापरात जाई, ती न तपासलेली राही. नमुना पाहून माल घेण्याचा जो धोका व्यापारात आहे, तोच येथेही होता.

हा पेच सुटला तो रुग्णालयातून आलेल्या एका साधनामुळे. राँटजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे सर्व अवयव एकाच पडद्यावर एकमेकांत मिसळून दिसतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने ही अडचण दूर केली. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. याच कार्यासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळून देण्यात आले. आज गावोगावी ‘सीटी स्कॅन’ हा शब्द रूढ आहे. तेच हे यंत्र.

संमिश्रांसाठी वापरले जाते ते याचेच सूक्ष्म रूप. रुग्णालयात रुग्ण स्थिर राहतो आणि यंत्र फिरते; प्रयोगशाळेत वस्तूचा तुकडा एका लहान फिरत्या चकतीवर ठेवतात. चकती किंचित फिरवावी, एक चित्र घ्यावे. पुन्हा किंचित फिरवावी, पुन्हा चित्र घ्यावे. अशी हजार-दोन हजार चित्रे होतात. प्रत्येक चित्र ही केवळ एक सावली असते. कोणत्या दिशेने किती किरण अडले, एवढेच ती सांगते. त्या सर्व सावल्या एकत्र करून, आतील कोणत्या बिंदूपाशी किती घनता असली म्हणजे या सगळ्या सावल्या एकाच वेळी खऱ्या ठरतील, याचे उत्तर संगणक काढतो.

या ठिकाणी जैन श्रोत्यांच्या मनात अनेकांताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. हत्ती आणि सात आंधळे यांचा दृष्टांत लहानपणापासून सर्वांनी ऐकलेला आहे. त्यांतील एकही खोटे बोलत नव्हता; प्रत्येकाचे कथन त्याच्या नयापुरते सत्य होते. चूक झाली ती आपल्या एका नयालाच संपूर्ण सत्य म्हणण्यात. हजार कोनांतून घेतलेली हजार चित्रे म्हणजे हजार नयच होत. एकही टाकायचा नाही, एकालाच कवटाळायचे नाही, सर्वांचा मेळ घालायचा, तेव्हा वस्तूचे अंतरंग प्रकट होते. अनेकांत हा केवळ वादविवादाचा शिष्टाचार नसून ज्ञानप्राप्तीची रीत आहे, याचे इतके सुबोध उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मेळ घातल्यानंतर मिळते ते घनचित्र. ते सूक्ष्म घनांचे, म्हणजे व्हॉक्सेलचे बनलेले असते. एका बाजूस दोन हजार घन धरले, तर एकूण घन होतात आठशे कोटी. प्रत्येक घनाला करड्या रंगाची एक छटा असते, परंतु हा ताणा, हा बाणा, ही राळ आणि ही पोकळी, अशी पाटी त्यावर लावलेली नसते. ती निवड करणे हेच खरे जिकिरीचे काम होय. काचेच्या तंतूंची घनता प्रति घनसेंटिमीटर सुमारे २.५ ग्रॅम आणि राळेची सुमारे १.२, त्यामुळे ती दोन्ही चटकन वेगळी दिसतात. कार्बनची घनता मात्र १.८ च्या आसपास. क्ष-किरणांना कार्बन आणि राळ जवळपास सारखीच भासतात. करड्यावर करडे! शिवाय ताणा आणि बाणा दोन्ही एकाच द्रव्याचे असल्याने त्यांच्या छटेत तर काहीच भेद नसतो.

यावर शोधलेला उपाय मोठा मार्मिक आहे. मखमलीवरून हात फिरवला की तिची लव कोणत्या दिशेला आहे हे कळते. त्याचप्रमाणे प्रत्येक घनाच्या आसपास छटा कोणत्या दिशेने सर्वांत कमी बदलते, हे संगणक तपासतो; ती दिशा म्हणजे तंतूची दिशा. उभी असेल तर ताणा, आडवी असेल तर बाणा. बेल्जियममधील लूव्हन विद्यापीठातील स्ट्राउमिट, लोमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या रीतीने क्ष-किरण चित्रांपासून थेट गणिती प्रतिरूप तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठाची ‘वाइजटेक्स’ आणि इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाची ‘टेक्सजेन’ ही विणीची प्रतिरूपे रचणारी संगणकीय साधने जगभर वापरली जातात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला निवडीचे शिक्षण देऊनही हे काम करून घेतले जाते. प्रतिरूप तयार झाले की त्याच्यावर संगणकातच ताण, दाब आणि पीळ देऊन पाहतात. कोणता धागा प्रथम तुटेल, तडा कोठून निघेल, याचा अंदाज वस्तू न मोडता मिळतो.

एवढे असूनही हे यंत्र सर्वज्ञ नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका घनाची बाजू ५ मायक्रोमीटर ठेवली, तर दोन हजार घनांत वस्तूचा अवघा एक सेंटिमीटर मावतो. एकेक तंतू पाहायचा तर तुकडा आणखी लहान घ्यावा लागतो; संपूर्ण पाते पाहायचे तर तंतू दिसेनासा होतो. धागा पाहावा तर ताका हरवतो, ताका पाहावा तर धागा! दुसरे असे, की घनांच्या रचनेमुळे धाग्याची गुळगुळीत कड प्रतिरूपात पायऱ्यांसारखी होते आणि त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांवर वस्तुतः नसलेला ताण गणितात दिसू लागतो. म्हणून प्रामाणिक संशोधक चित्रासोबत त्याची सूक्ष्मतेची मर्यादाही नमूद करतो आणि प्रतिरूपाचे उत्तर प्रत्यक्ष तुकडा ताणून केलेल्या प्रयोगाशी ताडून पाहतो. छद्मस्थाने आपल्या ज्ञानाची सीमा ओळखून बोलावे, हा जो विवेक शास्त्राने सांगितला आहे, तोच येथे पाळला जातो.

हा विवेक सुटला तर काय घडते? १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात, टायटॅनिक जहाजाचे अवशेष पाहण्यास निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली गेली आणि आतील पाचही जणांचा अंत झाला. तिचे कवच कार्बन तंतूंच्या संमिश्राचे, सुमारे ५ इंच जाडीचे होते. ते विणलेले नसून तंतू गुंडाळून केलेले होते, एवढाच फरक. सप्टेंबर २०२४ च्या जाहीर सुनावणीत अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तज्ज्ञाने त्या कवचाच्या थरांत सुरकुत्या, सच्छिद्रता आणि पोकळ्या आढळल्याचे सांगितले. आरंभीच्या एका कवचाविषयी, त्याचे अंतरंग न फोडता तपासावे, असा आग्रह २०१८ मध्ये तेथील एका अधिकाऱ्याने धरला होता. त्याला नोकरीस मुकावे लागले. पुढे ते कवच बदलण्यात आले. सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्या त्या या दुसऱ्या कवचात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या वस्तूच्या आत काय आहे, या प्रश्नाचे मोल पाच जिवांइतके ठरले.

आता आरंभी राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे वळणे योग्य होईल. धर्मसंस्थेच्या मंचावर हा विषय कशासाठी? आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे दोन थेट व्यापाऱ्याला उद्देशून आहेत. हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-अधिक करणे. आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी वस्तू खपवणे किंवा तिच्यात भेसळ करणे. लक्षात घेण्याजोगे असे, की संगणकातील ‘मॉडेल’ला मराठीत प्रतिरूप हाच शब्द आहे. प्रतिरूप करणे हा दोष नव्हे. नकाशा, नमुना, मूर्ती ही सर्व प्रतिरूपेच होत आणि त्यांच्यावाचून ज्ञान व उपासना दोन्ही अडतील. दोष घडतो तो प्रतिरूपालाच मूळ वस्तू म्हणून पुढे करण्यात. कागदावरची आदर्श वीण दाखवून आतील सुरकुती झाकणारा अभियंता आणि खळीने विरळ कापड भरून देणारा व्यापारी हे एकाच अतिचाराचे धनी आहेत. उलट, हजार कोनांतून पाहून, फट आणि पोकळी यांच्यासह वस्तूचे खरे अंतरंग मांडणारा संशोधक, त्याने कधी सूत्राचे नाव ऐकले नसले तरी, अचौर्याचेच पालन करीत असतो.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते तीही अशाच विणीमुळे. वार्षिक अहवाल, इमारत आणि समारंभ हा तिचा दर्शनी भाग. तिचे बळ मात्र पिढ्यांच्या उभ्या धाग्यांत आणि सेवेच्या आडव्या धाग्यांत असते. सुवर्णमहोत्सव हा गौरवाचा प्रसंग आहेच, त्याचबरोबर भिंग हातात घेण्याचाही आहे. कोठे धागा विरळ झाला, कोठे फट पडली, हे ज्येष्ठ, तरुण, महिला, गावातले आणि गावाबाहेर गेलेले अशा सर्वांच्या नजरेतून पाहिले जावे, आणि जे दिसेल ते खळ न लावता पुढील पिढीच्या हाती दिले जावे, हीच या मंगलप्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!